विंचवाचे विष, पांढरे उंदीर आणि आपले हृदय

‘उंदरांवरील प्रयोगांत असे आढळून आले आहे की...’ या शब्दांनी सुरू होणारी बातमी वर्तमानपत्रात दर महिन्याला एखादी तरी असते. कधी साखरेने हृदय बिघडते म्हणून, कधी दालचिनीने ते सुधारते म्हणून. वाचणारा दोन दिवस साखर कमी करतो, तिसऱ्या दिवशी विसरतो. अशा बातमीवर किती विश्वास ठेवावा हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावयास हवा. माझे मत आधीच सांगून टाकतो. प्राण्यावरील प्रयोग म्हणजे निसर्गाला नेटकेपणाने विचारलेला प्रश्न होय. त्याचे उत्तर मात्र प्राण्यापुरते असते. ते माणसाला लागू पडते की नाही, हे माणसाजवळ बसूनच कळते. आणि अनेकदा तर मुळातला प्रश्नही माणसाजवळ बसल्याशिवाय सुचत नाही.

हे पटवून द्यायला परदेशातील उदाहरण शोधण्याची गरज नाही. रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर हे तालुके पुरेत.

सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्री नदीच्या खोऱ्यात वसलेला हा मुलूख. तांबडी माती, जांभ्या दगडाचे गडगे, कौलारू घरे, अंगणात भाताच्या पेंढ्याची उडवी. यातील प्रत्येक गोष्ट लाल विंचवाला प्रिय आहे. दिवसा तो दगडाखाली, पेंढ्यात, लाकडांच्या ढिगात दडतो आणि रात्री भक्ष्य शोधीत बाहेर पडतो. विंचू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ती मोठी काळी इंगळी येते. तिचे अवजड आकडे पाहूनच अंगावर काटा येतो. पण खरा घातकी तो लहानसा, तांबूस, बारीक आकड्यांचा विंचू. ज्याचे आकडे जाड त्याला विषाची गरज कमी, ज्याचे आकडे बारीक त्याची सारी भिस्त नांगीवर, असा ढोबळ ठोकताळा आहे. फाब्रीसियस या शास्त्रज्ञाने १७९८ सालीच या जातीचे वर्णन करून ठेवले होते. ‘टॅम्युलस’ हे तिचे नाव तेव्हापासूनचे. म्हणजे नाव माहीत होते, नांगी माहीत होती, चिंचोका उगाळून लावणे आणि भगताकडे नेणे हेही माहीत होते. माणूस नेमका कशाने मरतो याकडे मात्र फारसे कोणी बारकाईने पाहिले नव्हते.

१९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचू चावलेली माणसे त्यांच्याकडे येत. बरीच वेदनेने तळमळत येत आणि बरी होऊन जात. काहींना मात्र वेदना फारशी नसे. ती घामाने निथळत, उलट्या करीत, तोंडातून लाळ गळे, हातपाय बर्फासारखे गार पडत. आणि नेमकी हीच माणसे काही तासांनी दगावत. मरताना त्यांना धाप लागलेली असे, तोंडाशी फेस आलेला असे. फुप्फुसांत पाणी भरलेले असे.

वेदना कमी, धोका जास्त! हे निरीक्षण वाचायला सोपे वाटते. पण रात्री-अपरात्री आलेल्या रुग्णाच्या उशाशी बसून, दर थोड्या वेळाने नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद ठेवल्याखेरीज ते हाती लागत नाही. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडमधील वैद्यकीय साप्ताहिकात बावस्करांचा लेख आला. त्याचा विषय होता विंचूदंशात हृदय बिघडण्याआधी दिसणारी पूर्वलक्षणे. म्हणजे गुन्हेगार फुप्फुस नव्हे, हृदय. फुप्फुसात पाणी साठते ते हृदय थकल्यामुळे.

विष काय करते ते थोडक्यात पाहू. आपल्या मज्जातंतूंच्या आवरणात सोडियमच्या कणांसाठी सूक्ष्म दारे असतात. ती क्षणभर उघडतात, संदेश पुढे जातो आणि ती मिटतात. विंचवाचे विष त्यांना नीट मिटू देत नाही. मग मज्जातंतू थांबेचनात! त्यांच्या टोकांतून आणि मूत्रपिंडावरील ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन व नॉरअॅड्रेनॅलिन या द्रव्यांचा लोंढा रक्तात येतो. वाघ समोर दिसला तर शरीर जी तयारी करते तीच ही तयारी, पण कित्येक पटींनी आणि तासन् तास. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि हृदयाला अरुंद झालेल्या नळ्यांतून रक्त ढकलावे लागते. बागेतील रबरी नळीचे तोंड बोटाने दाबून धरले म्हणजे पंपावर जसा ताण येतो, तसाच हा ताण. हृदय थकले की रक्त मागे फुप्फुसात तुंबते.

निदान असे झाल्यावर उपाय काय, हेही त्यातच आले. नळीच्या तोंडावरचे बोट काढायचे! त्या वेळी रक्तदाबासाठी प्राझोसिन नावाची गोळी मिळत असे. नॉरअॅड्रेनॅलिन रक्तवाहिनीला ज्या जागी पकडून आकसायला लावते, नेमकी ती जागा ही गोळी अडवून धरते. विंचूदंशावर तिचा उपयोग करून काढलेले निष्कर्ष डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध केले. पूर्वी गंभीर विंचूदंशाच्या शंभर रुग्णांपैकी चाळीसच्या आसपास दगावत; या उपचारानंतर हे प्रमाण एकाच्या घरात आले. गोळी स्वस्त, तोंडाने घ्यायची, यंत्रसामग्री काही नको. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

या कथेत अजून प्राणी आलेला नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. आता तो येतो.

साधारण याच काळात मुंबईत, परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती आणि त्यांचे सहकारी हाच लाल विंचू दुसऱ्या बाजूने तपाशीत होते. त्यांनी विचारलेला प्रश्न असा : हृदयावर ताण पडतो हे खरे, पण त्या ताणात हृदयाला खायला काय मिळते?

प्रश्न विचित्र वाटेल. पण हृदय दिवसाकाठी एक लाख वेळा आकुंचन पावते. त्याला इंधन लागणारच. निरोगी हृदय निम्म्याहून अधिक शक्ती मेदाम्लांपासून मिळवते; उरलेली ग्लुकोजपासून व थोडी अन्य पदार्थांपासून. मेदाम्ले म्हणजे चरबीचे सुटे झालेले घटक. मेदाम्लांत शक्ती पुष्कळ, परंतु तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी ग्लुकोजपेक्षा प्राणवायू अधिक खर्च होतो. म्हणून प्राणवायूची चणचण असताना ग्लुकोज बरे. कोणते इंधन किती जाळायचे हे ठरवण्यात इन्शुलिनचा मोठा हात आहे. इन्शुलिन ग्लुकोजला पेशीत शिरू देते आणि चरबीच्या साठ्याला कुलूप घालून ठेवते.

मूर्तींनी कुत्रे आणि ससे यांना विंचवाचे विष टोचले. प्राण्यांच्या हृदयाच्या विद्युत् आलेखात बिघाड दिसू लागले, हृत्स्नायूचा तीव्र दाह झाला. त्याबरोबरच रक्तातील साखर चढली, मेदाम्ले वाढली, आणि हृदय, यकृत व स्नायू यांतील ग्लायकोजेनचा साठा रिता होऊ लागला. अॅड्रेनॅलिनच्या लोंढ्याने स्वादुपिंडातून येणारे इन्शुलिन दाबून टाकले होते. कणगीत भात भरलेला आहे, पण कांडायला मुसळ नाही, अशी पेशींची स्थिती! रक्त साखरेने व मेदाने भरलेले आणि हृदय उपाशी. पुढे त्यांनी या प्राण्यांना इन्शुलिन दिले, तेव्हा रक्तातील बिघाड आणि विद्युत् आलेखातील बिघाड दोन्ही मागे हटले. त्यावरून त्यांनी असे मांडले की, विंचूदंश हा केवळ रक्तवाहिन्यांचा प्रश्न नसून शरीराला इंधन वापरता न येण्याचा रोग आहे, आणि त्यावर इन्शुलिन द्यावे.

हा प्रयोग फार सुंदर आहे. हृदयातील ग्लायकोजेन मोजायचे तर हृदयाचा तुकडा हवा, आणि तो जिवंत रुग्णाकडून मागता येत नाही. बिरवाडीच्या केंद्रात कितीही वर्षे बसले असते तरी ही गोष्ट दिसली नसती. प्राण्यावरील प्रयोगाची जागा अशा ठिकाणी आहे.

मग माणसाला काय द्यायचे, प्राझोसिन की इन्शुलिन? यावर वैद्यकीय नियतकालिकांतून बराच वाद झाला आहे. माझा कौल महाडच्या बाजूने आहे. त्याची कारणे सांगतो, म्हणजे तुम्हाला ती तपासता येतील.

प्रयोगशाळेत विष शिरेतून दिले जाते, मात्रा ठरलेली असते आणि घड्याळ पहिल्या क्षणापासून चालू असते. पोलादपूरच्या डोंगरातील वाडीवर विंचू कातडीत नांगी मारतो. विष किती गेले ते कोणालाच ठाऊक नसते. आणि रुग्ण दवाखान्यात पोचतो तोवर दोन-चार तास उलटलेले असतात. त्यातला काही वेळ भगताकडे गेलेला असतो. प्रयोगातील कुत्रा निरोगी व पोटभर जेवलेला. वाडीवरचे पोर कदाचित अर्धपोटी. शिवाय इन्शुलिन व ग्लुकोज शिरेतून द्यायचे म्हणजे वारंवार रक्तातील साखर मोजणे आले. ती एकाएकी फार उतरली तर मेंदूवरच घाला. रात्रपाळीला एकच परिचारिका असलेल्या दवाखान्यात हे कसे व्हावे? आणखी एक गंमत आहे. नॉरअॅड्रेनॅलिनचा विळखा सैल करणारे प्राझोसिन दाबलेले इन्शुलिनही मोकळे व्हायला मदत करते, असे बावस्करांनी मांडले आहे. हे खरे धरले तर मूर्तींनी दाखवलेला बिघाड गोळीनेही काही अंशी सुधारत असणार. तेव्हा मूर्तींचे निरीक्षण चुकले असे मी म्हणत नाही. निरीक्षण मोलाचे, पण त्यावरून थेट उपचाराकडे मारलेली उडी लांबची, एवढेच माझे म्हणणे.

यात विंचवापलीकडचे काय, असे कोणी विचारील. सांगतो. विंचवाचे विष जे काही तासांत करून दाखवते, त्याच्याशी नाते सांगणारी एक गोष्ट आज आपल्या घराघरांत वीस-पंचवीस वर्षे घेऊन सावकाश घडते आहे.

१९८८ साली अमेरिकेतील जेराल्ड रीव्हन यांनी एका व्याख्यानात एक निरीक्षण मांडले. थोडी वाढलेली साखर, थोडा वाढलेला रक्तदाब, रक्तात वाढलेला मेद या गोष्टी सुट्या येत नाहीत. एकाच माणसात त्या मेळ्याने येतात, आणि अशा माणसांना हृदयविकार अधिक होतो. मुळाशी असते ते इन्शुलिनला न जुमानणारे शरीर. रीव्हन यांनी या मेळ्याला ‘एक्स’ असे नाव दिले. आज त्याला चयापचय लक्षणसमूह म्हणतात. पाच गोष्टी मोजतात : कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर, ट्रायग्लिसराइड हा मेद, आणि हितकारक कोलेस्टेरॉल. पाचांपैकी तीन बिघडल्या की लक्षणसमूह आहे असे धरतात. भारतीयांसाठी कंबरेची मर्यादा पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर मानली जाते.

विंचूदंश आणि हा लक्षणसमूह यांत एक महत्त्वाचा फरक आहे, तो विसरता कामा नये. विंचूदंशात इन्शुलिन कमी पडते. लक्षणसमूहात सुरुवातीला ते उलट भरपूर असते, पण त्याचे कोणी ऐकत नाही. पहिल्या घरात मुसळ नाही. दुसऱ्या घरात मुसळे चार आहेत, पण उखळ बुजले आहे. परिणाम मात्र जवळपास सारखा : रक्तात साखर व मेद साचतात आणि हृदयाला इंधन निवडण्याचे स्वातंत्र्य उरत नाही.

हे हृदयापाशी नेमके कसे घडते ते बहुतांशी उंदरांनीच शिकवले. १९६३ साली केंब्रिजचे फिलिप रँडल यांनी उंदराचे हृदय व श्वासपटल शरीराबाहेर काढून त्यांना निरनिराळे इंधन पुरवले. मेदाम्ले भरपूर दिली की स्नायू ग्लुकोज जाळणे आवरते घेतो, असे त्यांना दिसले. एका इंधनाची रेलचेल दुसऱ्याचे दार लावते! त्याच वर्षी जपानमध्ये क्योटो येथे ओकामोटो व आओकी यांनी जन्मतःच रक्तदाब चढण्याकडे कल असलेल्या उंदरांचा वंश तयार केल्याचे जाहीर केले. वय वाढेल तसे त्यांचे हृदय जाड होत जाते व शेवटी थकते. त्याआधी १९६१ साली अमेरिकेत झुकर दांपत्याने जन्मापासून लठ्ठ होत जाणारे उंदीर वर्णिले होते. १९८७ साली रीव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या, धडधाकट उंदरांच्या खाद्यात पिष्टाऐवजी फळसाखर भरपूर घातली, तर थोड्याच आठवड्यांत त्यांचे इन्शुलिन, मेद व रक्तदाब तिन्ही चढले.

अशा उंदरांचे हृदय कापून पाहिले तर काय दिसते? हृत्स्नायूच्या पेशींत मेदाचे थेंब साचलेले असतात. पेशींच्या मधून चिवट तंतू वाढलेले असतात. डावा कप्पा जाड व ताठर होतो. असे हृदय आकुंचन बऱ्यापैकी पावते, पण सैल पडायला वेळ लावते. प्रत्येक ठोक्यानंतर कॅल्शियमचे कण परत कोठारात ओढून घ्यावे लागतात, तेव्हाच स्नायू सैल होतो. हे काम मंदावते. सैल न पडणारे हृदय पुरते भरत नाही, आणि जे भरत नाही ते देणार काय? छातीत कळ येण्याच्या कितीतरी आधी हा बिघाड सुरू झालेला असतो. माणसांतही हृदयाची ध्वनिचित्रे काढल्यावर असा ताठरपणा आढळतो. म्हणजे येथे उंदराची साक्ष खरी ठरली.

आता ती कोठे लटकी पडते ते पाहा. लक्षणसमूहाच्या माणसाला खरी भीती असते ती हृदयाच्या रोहिणीत मेदाचा थर जमून, तो फुटून, रक्ताची गुठळी अडकण्याची. उंदराला हे सहसा होतच नाही! त्याच्या रक्तातील कोलेस्टेरॉल बहुतेक हितकारक प्रकारचे असते. फळसाखर खाऊन लठ्ठ झालेला उंदीर हृदय ताठर होऊन मरेल, पण रोहिणी तुंबून मरणार नाही. केवळ उंदरांवर विसंबलो असतो, तर हृदयविकाराचा निम्मा भाग आपल्याला दिसलाच नसता. झुकरच्या उंदराचा लठ्ठपणा तर एका जनुकातील दोषामुळे येतो. पोट भरल्याचा निरोप त्याच्या मेंदूला पोचतच नाही, असे १९९६ साली उलगडले. गावातील शंभर लठ्ठ माणसे घ्या. त्यांच्यात हा दोष असलेला एकही मिळण्याचा संभव फार कमी. आणि फळसाखरेच्या प्रयोगात उंदराने जेवढी साखर खाल्ली, तेवढ्या प्रमाणात ती महाडच्या बाजारातील मिठाईवालासुद्धा खात नसेल.

याउलट ससा. १९१३ साली रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिचकॉव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारले आणि त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर दाखवले. इतरांनी तोच प्रयोग कुत्र्यांवर व उंदरांवर केला. काही घडले नाही. तेव्हा, ससा बिचारा पाला खाणारा प्राणी, त्याला चरबी चारून काय सिद्ध होणार, असे म्हणून अनेकांनी हा प्रयोग दीर्घकाळ बाजूला सारला. पुढे माणसांच्या पाहणीतून कळले की या बाबतीत माणूस कुत्र्यापेक्षा सशाला जवळचा आहे. प्राणी चुकीचा निवडला तर होकार फसवतो आणि नकारही फसवतो. कोणता प्राणी कोणत्या प्रश्नाला योग्य, हे आधी कळत नाही. माणसाशी ताडून पाहिल्यावर कळते.

एक प्रयोग मात्र असा आहे की त्याची बातमी वाचून मला कोकणाची आठवण झाली. २०१५ साली आनंदवर्धन हर्डीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात पाळलेल्या उंदरांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. हे उंदीर एक-दोन नव्हे, पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेले होते. त्यांची पिल्ले जन्मतः हलकी, पण पोटातील चरबी जास्त, आणि शरीर इन्शुलिनला न जुमानणारे. पुढे दोन पिढ्या त्यांना पोटभर खाऊ घातले तरी हा बिघाड भरून निघाला नाही. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची धरली तर पन्नास पिढ्या म्हणजे साडेबाराशे वर्षे. हा प्रयोग माणसावर करणे अशक्य. पण दुष्काळ आणि दारिद्र्य यांनी तो न विचारता केलेलाच आहे.

या प्रयोगाच्या मागेही माणसाचे निरीक्षण होते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके मोजली. ती इंग्लंडमधील बालकांपेक्षा पुष्कळ हलकी, दिसायला किडकिडीत. पण त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबीचे प्रमाण त्या मानाने जास्त. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांनी आपला दोघांचा फोटोच छापला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, तंतोतंत सारखा. अंगातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! बारीक दिसणारा माणूस आतून बारीक असतोच असे नाही.

महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतील पिढ्यान् पिढ्या नाचणी-वरीवर, कधी तेवढ्यावरही नाही, अशा निघाल्या. कर्ते पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले, मागे राहिलेल्यांनी उतारावरची शेते कसली. आज त्याच वाड्यांपर्यंत रस्ता गेला आहे, दुकानात बिस्किटांचे पुडे व गोड पेयांच्या बाटल्या टांगलेल्या व मांडलेल्या आहेत, डोईवरचा भारा उतरून मोटारीत गेला आहे. हे वाईट झाले असे म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही. पण अर्धपोटी पिढ्यांच्या नातवंडांना एकाएकी पोटभर मिळाले म्हणजे काय होते, हा पुण्याच्या उंदरांनी उभा केलेला प्रश्न येथे प्रत्यक्ष विचारता येण्याजोगा आहे. तो उंदरांना पुन्हा पुन्हा विचारण्यात अर्थ नाही.

माझी तक्रार येथे आहे. उंदराला गोड खाऊ घालून त्याचे हृदय बिघडवायचे, मग एखाद्या पाल्याचा रस पाजून ते थोडे सुधारायचे आणि निबंध छापायचा, अशी कामे जगभर होत असतात. पुढे माणसावर त्याची परीक्षा होतच नाही. मग तो उंदीर कशासाठी मेला? १९५९ साली रसेल व बर्च या दोघांनी सांगून ठेवले आहे की, जमेल तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, त्यांच्या यातना कमी करा. आपल्याकडे १९६० च्या कायद्याने प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेखीची तरतूद केली आहे. मी त्यात एक अट जोडीन : प्रयोगाला हात घालण्यापूर्वी त्याचे उत्तर कोणत्या माणसांत व कसे ताडून पाहणार ते लिहून द्यावे. काही लोक म्हणतील की शुद्ध ज्ञानाला अशी अट घालू नये. रँडलने हृदय बाहेर काढले तेव्हा त्याने कोठे रुग्ण शोधला होता? आक्षेप वजनदार आहे. रँडलला मी सूट देईन. पण त्याच्यानंतर तोच प्रयोग शंभराव्यांदा करणाराला देणार नाही.

ताडून पाहणे कसे असते याचा नमुना पुन्हा महाडचाच आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या कारखान्यात घोड्यांना लाल विंचवाचे विष अल्प मात्रेत टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष तयार करतात. प्रतिविष प्राण्यांत गुण देते हे माहीत होते. माणसांत प्राझोसिन असताना त्याची आणखी गरज आहे का, हा वादाचा मुद्दा होता. बावस्कर दांपत्याने प्राझोसिनचा पुरस्कार वर्षानुवर्षे केला होता. तरीही त्यांनी आपल्याच औषधाची परीक्षा घेतली. सत्तर रुग्ण घेतले. कोणाला काय द्यायचे ते स्वतःच्या मर्जीने न ठरवता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. पस्तीस जणांना नुसते प्राझोसिन दिले, पस्तीस जणांना प्राझोसिन व प्रतिविष दोन्ही. दहा तासांनी पहिल्या गटातील ८ जण पूर्ण बरे होते, दुसऱ्या गटातील ३२. बरे व्हायला सरासरी १७.७ तासांऐवजी ८ तास पुरले. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हा निबंध छापला. कोणाला काय दिले हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते, ही त्यातली उणीव. ती त्यांनी लपवलेली नाही. एका तालुक्याच्या गावातील दवाखान्यात हे काम झाले.

लक्षणसमूहाच्या बाबतीत असे काम करायला तर विषही लागत नाही आणि घोडेही लागत नाहीत. शिंप्याची फीत, वजनकाटा, रक्तदाब मोजण्याचा पट्टा, आणि साखरेसाठी रक्ताचा एक थेंब. यातील पहिल्या दोन गोष्टी शाळेतही असतात. महाड-पोलादपूरच्या एखाद्या विज्ञान मंडळाने आपापल्या वाडीतील मोठ्या माणसांचे, त्यांच्या संमतीने, कंबरेचे माप दर वर्षी एकाच महिन्यात घेतले, तर दहा वर्षांत अशी वही तयार होईल की जी पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांना मागूनही मिळणार नाही. माप घेण्याची रीत अशी : माणसाने ताठ उभे राहावे, पोट आत ओढू नये. शेवटची बरगडी आणि कंबरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये फीत आडवी धरावी, कपड्यांवरून नव्हे, आणि श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचावा. दोनदा मोजावे. दोन आकड्यांत एक सेंटिमीटरहून अधिक फरक पडला तर पुन्हा मोजावे. वहीत नावाऐवजी क्रमांक घालावा, शेजारी वय, वजन, दिनांक आणि मोजणाऱ्याची सही.